सेरोटोनिन सिंड्रोम: गोळ्या मोजण्याआधी पाय बघा

प्रश्न असा आहे: नैराश्यावरच्या किंवा चिंतेच्या आजारावरच्या गोळ्या एखाद्यानं प्रमाणाबाहेर घेतल्या, किंवा त्या चालू असताना दुसरंच औषध पोटात गेलं, तर सेरोटोनिन सिंड्रोम होतो असं ऐकलं आहे. तो ओळखायचा कसा, जिवावर बेततो का, आणि ‘रात्रभर झोपला की उतरेल’ म्हणून घरीच थांबलं तर चालेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी. चालणार नाही. जास्त गोळ्या पोटात गेल्याचं कळलं की माणूस बोलत-चालत असला तरी त्याला रुग्णालयात न्यायचं, लक्षणांची वाट बघायची नाही. उलटी काढायला घशात बोटं घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका. मधेच गुंगी चढली किंवा आकडी आली तर ती उलटी श्वासनलिकेत उतरते. गुंगीत असेल तर कुशीवर वळवून ठेवा. आकडी आली तर तोंडात चमचा वगैरे काही घालू नका. त्याला एकटं सोडू नका आणि गाडी त्याच्या हातात देऊ नका. घरात सापडतील तेवढी रिकामी पाकिटं, बाटल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून सोबत न्या. खोकल्याचं औषध, दुखण्याच्या गोळ्या, ‘हर्बल’ म्हणून आणलेलं काहीबाही, सगळं त्यात आलं. ही पिशवी तपासणाऱ्या डॉक्टरांना रक्ताच्या अहवालापेक्षा जास्त सांगते. का, ते पुढे येईल.

‘सिंड्रोम’ हा शब्द जरा फसवा आहे. तो ऐकून वाटतं, की हा आजार एकतर होतो किंवा होत नाही. खरं तर ही विषबाधा आहे आणि तिला पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवर हात थरथरतात, घाम सुटतो, पोट ढवळून जुलाब होतात, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस एका जागी बसू शकत नाही. मधल्या पायरीवर पायांना विशिष्ट झटके सुरू होतात, डोळे आपोआप डावी-उजवीकडे हलू लागतात, नाडी व रक्तदाब चढतो, बोलण्यात विसंगती येते. सगळ्यात वर स्नायू लाकडासारखे ताठ होतात, ताप ४१ सेल्सिअसच्या पलीकडे जातो, आणि मग मूत्रपिंडं, रक्त गोठण्याची यंत्रणा, मेंदू असं एकेक कोसळत जातं. खालच्या पायरीवरचे बहुतेक रुग्ण औषध थांबवल्यावर दिवसभरात सावरतात. मात्र पहिल्या पायरीवरून तिसरीवर जायला काही तास पुरतात, म्हणून ‘आत्ता तर बरा दिसतोय’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

हे होतं कसं? सेरोटोनिन म्हणजे पेशींमधले निरोप पोहोचवणारं रसायन. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं (जुलाब का होतात ते इथेच कळतं), पण मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन स्वतः बनवतो. दोन मज्जापेशींमधल्या फटीत ते सोडलं जातं, समोरच्या पेशीला निरोप पोहोचतो, आणि मग त्याचा निचरा दोन वाटांनी होतो: सोडणारी पेशी बरंचसं परत शोषून घेते आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर ते मोडून टाकतं. नेहमीच्या नैराश्यविरोधी गोळ्या, म्हणजे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्राम, पहिली वाट अडवतात. त्यातच त्यांचा गुण आहे. फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन, मोक्लोबेमाइड यांसारखी औषधं त्या विकराला, म्हणजे दुसऱ्या वाटेला, अडवतात. एक मोरी बंद असली तर पाणी दुसरीतून जातं. दोन्ही बंद झाल्या की तुंबतं. तुंबलेलं सेरोटोनिन ५-एचटी२ए नावाच्या ग्राहकांवर (निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरवर) आदळत राहतं, स्नायू सैल पडेनासे होतात, आणि आकसलेले स्नायू उष्णता तयार करतात. हा ताप जंतूंचा नाही आणि मेंदूतल्या तापमानाच्या ‘सेटिंग’चाही नाही, तो स्नायूंचा आहे. एवढं एक लक्षात ठेवलं की उपचारातली जवळपास प्रत्येक गोष्ट आपोआप उलगडते.

म्हणून ‘किती गोळ्या?’ या प्रश्नाइतकाच ‘कशासोबत?’ हा प्रश्न महत्त्वाचा. नुसत्या एसएसआरआय गटातल्या (म्हणजे वरची पहिली वाट अडवणाऱ्या, फ्लुऑक्सेटिन-सर्ट्रालिनसारख्या) गोळ्या प्रमाणाबाहेर घेतलेल्यांपैकी साधारण १४ ते १६ टक्के लोकांत सेरोटोनिनची विषबाधा दिसते, आणि ती बहुधा खालच्या-मधल्या पायऱ्यांवर थांबते. यावर घरी हिशेब मांडून निश्चिंत व्हायचं नसतं. पोटात नक्की काय काय गेलं हे त्या क्षणी खात्रीनं कुणालाच माहीत नसतं, घेणाऱ्यालाही नाही. शिवाय नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे सेरोटोनिनशी संबंध नसलेले धोकेही उभे राहतात. सिटालोप्राम व एस्सिटालोप्राममुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, व्हेन्लाफॅक्सिनमुळे आकडी येऊ शकते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचा परिणाम तर अनेक तासांनी वर येतो.

गंभीर विषबाधा मात्र बरेचदा एकही गोळी जास्त न घेता होते. दोन वेगळ्या डॉक्टरांची, दोन वेगळ्या दुखण्यांसाठीची, दोन्ही योग्य मात्रेतली औषधं एकत्र येतात. मानसोपचाराच्या औषधांचे एकमेकांशी असलेले संबंध मानसोपचारतज्ज्ञ बघतोच. निसटतात ती बाहेरून आलेली औषधं. ट्रॅमाडॉल हे त्यातलं पहिलं नाव. दुखण्यासाठी सर्रास लिहिलं जातं आणि ते स्वतःच सेरोटोनिनचं शोषण अडवतं. पेथिडिन, टॅपेंटाडॉल, मेथाडोन, काही प्रमाणात फेंटानिल ही त्याची भावंडं. मॉर्फिन या बाबतीत बरंच सुरक्षित. कोरड्या खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे दुसरं. ते औषध आहे असं कुणी धरतच नाही. लिनेझोलिड हे प्रतिजैविक आहे, पण मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवण्याचा गुण त्याच्यात आहे, आणि क्षयाच्या चिवट प्रकारांत ते महिनोन्‌महिने दिलं जातं. शस्त्रक्रियेत रंग म्हणून किंवा मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) वाढल्यावर शिरेतून दिलं जाणारं मिथिलीन ब्लूही तोच उद्योग करतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये या दोन्हींबद्दल इशारा दिला होता. पार्किन्सनच्या आजारातली सेलेजिलिन व रासाजिलिन, लिथियम, सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, नशेसाठीचं एमडीएमए यांचीही नोंद हवी.

अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान औषधांबद्दल मात्र अकारण धास्ती आहे. २००६ मध्ये त्यांच्याबाबतही इशारा निघाला होता, पण ट्रिप्टान मुख्यतः वेगळ्या ग्राहकांवर काम करतात आणि प्रत्यक्षात धोका अगदी किरकोळ आढळला आहे. संगणकावर लाल खूण येते म्हणून अर्धशिशीनं तळमळणाऱ्या रुग्णाचं औषध काढून घेणं हा उपचार नव्हे.

या संयोगांचं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कमधलं. १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थतेसाठी रुग्णालयात दाखल झाली. ती फेनेल्झिन घेत होती. तिला पेथिडिन दिलं गेलं. अस्वस्थता वाढली तेव्हा तिला बांधून ठेवण्यात आलं. ताप ४१ सेल्सिअसच्या वर गेला आणि काही तासांतच ती दगावली. नेमक्या कारणावर न्यायालयात बराच खल झाला, पण या प्रकरणानंतर न्यूयॉर्क राज्यानं १९८९ पासून निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. कामाच्या तासांचा धडा सगळ्यांनी घेतला. बांधून ठेवण्याचा धडा तेवढा घेतला गेला नाही, त्याकडे परत येऊ.

ओळखायचं कसं? रक्तात सेरोटोनिन मोजून काही कळत नाही. मेंदूतल्या फटीत काय चाललंय ते रक्तात उतरत नाही. निदान हातांनी आणि डोळ्यांनी करायचं. १९९१ पासून स्टर्नबाख यांचे निकष वापरात होते, पण ते सैल होते. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल इथल्या विषशास्त्र विभागानं ‘हंटर निकष’ मांडले आणि आज तेच वापरायचे. सेरोटोनिन वाढवणारं औषध घेतलेलं असेल आणि पुढीलपैकी एक जरी जुळलं तर निदान पक्कं धरतात: पायाला आपोआप येणारा क्लोनस (स्नायूचे तालात येणारे झटके); मुद्दाम काढून दाखवता येणारा क्लोनस आणि जोडीला अस्वस्थता किंवा घाम; डोळ्यांचा क्लोनस आणि जोडीला अस्वस्थता किंवा घाम; थरथर आणि अतितीव्र प्रतिक्षेप (रिफ्लेक्स); किंवा ताठरता, ३८ सेल्सिअसच्या वर ताप आणि डोळ्यांचा वा काढलेला क्लोनस.

पाचांपैकी चार ठिकाणी क्लोनस आहे, म्हणून तो बघायची रीत नीट यायला हवी. रुग्णाला उताणं झोपवा. गुडघा थोडा वाकवून खाली हाताचा आधार द्या, पाय सैल सोडायला सांगा. दुसऱ्या हातानं चवडा धरून पाऊल एकदम नडगीच्या दिशेनं वर ढकला आणि तसंच हलका दाब देऊन धरून ठेवा. पाऊल तुमच्या हातावर तालात धडधडायला लागलं तर तो क्लोनस. निरोगी माणसातही एक-दोन ठोके येऊ शकतात. ठोके थांबतच नसतील तर शंका उरत नाही. चूक होते ती दाब हळूहळू देण्यात. स्नायूला झटका बसला नाही तर क्लोनस निघत नाही. मग गुडघ्याचा प्रतिक्षेप बघा. या विषबाधेत हातांपेक्षा पाय जास्त बोलतात. एक अपवाद फार महत्त्वाचा आहे: ताठरता अतिशय वाढली की क्लोनस आणि प्रतिक्षेप दोन्ही झाकले जातात. तिसऱ्या पायरीवरच्या रुग्णाचं पाऊल हलत नाही म्हणून निदान खोडून काढलं, तर नेमका सगळ्यात आजारी माणूस हातातून निसटतो.

घरच्यांनी ही परीक्षा करत बसू नये. त्यांनी बघायचं ते एवढंच: नवीन गोळी सुरू झाल्यावर, मात्रा वाढवल्यावर किंवा दुसरं औषध जोडल्यावर काही तासांत पाय उडतायत का, घामानं कपडे ओले झालेत का, अस्वस्थता अशी आहे का की माणूस येरझारा घालतोय. निम्म्याहून जास्त रुग्णांत लक्षणं पहिल्या ६ तासांत दिसतात, बहुतेकांत २४ तासांच्या आत. चार दिवसांनी हळूहळू वाढत गेलेला ताप बहुधा दुसरं काहीतरी असतो.

ते दुसरं काय, यात डॉक्टरांचीही गफलत होते. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम हा हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी होणारा प्रकार दिवसांच्या गतीनं वाढतो. रुग्ण मंद, मुका, शिशाच्या नळीसारखा ताठ असतो आणि प्रतिक्षेप थंड असतात. सेरोटोनिनचा रुग्ण उलट धावपळ करणारा, उडणारा. धोतऱ्यासारख्या किंवा अँटिकोलिनर्जिक औषधांच्या विषबाधेतही ताप, बडबड, मोठ्या बाहुल्या असतात, पण कातडी कोरडी ठणठणीत असते आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतडी गप्प असतात. सेरोटोनिनमध्ये कातडी घामेजलेली असते आणि पोट गुरगुरत असतं. काखेत हात घातला तरी अर्धं निदान होतं. आणखी एक गोंधळ: गोळ्या अचानक बंद केल्यावर येणारी चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड. ही सेरोटोनिन कमी पडल्याची लक्षणं. त्यांना विषबाधा समजून गोळी आणखी लांबवली तर त्रास वाढतो. तसंच गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातली मळमळ आणि हलकी थरथर म्हणजेही विषबाधा नाही. मात्र पाऊल धडधडायला लागलं तर गोष्ट वेगळी.

उपचारात पहिलं काम, सेरोटोनिन वाढवणारं प्रत्येक औषध थांबवणं. ऐकायला सोपं आहे, पण दाखल रुग्णाला दुखतंय म्हणून ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिन टोचलं जाण्याचा प्रकार इथेच होतो. मुद्दाम प्रमाणाबाहेर घेतलेल्या गोळ्या असतील तर ईसीजी, रक्तातली साखर, क्षार, क्रिएटिनिन, स्नायूंच्या नाशाचं माप असलेलं सीके आणि पॅरासिटामॉलची पातळी हे न विचारता करायचं. पॅरासिटामॉलची पातळी यासाठी, की तिच्या विषबाधेत सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि उतारा वेळेत दिला तरच यकृत वाचतं. सक्रिय कोळसा लवकर आलेल्या, पूर्ण शुद्धीतल्या रुग्णालाच.

मग स्नायू शांत करायचे. बेंझोडायझेपाइन हे इथलं मुख्य औषध. प्रौढाला डायझेपाम ५ ते १० मिलिग्रॅम किंवा लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून, आणि श्वासावर लक्ष ठेवत गरजेप्रमाणे पुन्हा. पुष्कळदा एवढ्यानं नाडी, रक्तदाब आणि ताप तिन्ही खाली येतात, कारण तिन्हींचं मूळ एक आहे. रुग्ण झटापट करतोय म्हणून हातपाय बांधले तर तो बंधनाविरुद्ध जोर लावत राहतो; स्नायू आणखी आकसतात, आणखी उष्णता तयार होते, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. तापलेल्या माणसाला बांधणं म्हणजे आगीत तेल. आवरण्यासाठी औषधच वापरायचं.

पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही. ते मेंदूतलं तापमानाचं ‘सेटिंग’ खाली आणतं आणि इथे ‘सेटिंग’ बिघडलेलंच नाही. थंड पाण्याचे फवारे, पंखा, काखेत व जांघेत बर्फ, थंड सलाइन यांचा उपयोग होतो, पण स्नायू सैल पडले तरच. ताप ४१ च्या वर गेला की थांबायचं नाही: भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची आणि रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियमनं स्नायू पूर्ण शिथिल करायचे. सक्सिनिलकोलीन टाळावं, कारण स्नायू विरघळत असतील तर पोटॅशियम आधीच चढलेलं असतं आणि ते आणखी चढवलं तर हृदय थांबू शकतं. वेदनाशामक म्हणून या वेळी फेंटानिल नको.

सायप्रोहेप्टाडिन हे ॲलर्जीवरचं जुनं औषध सेरोटोनिनचे ग्राहक अडवतं. पहिला डोस १२ मिलिग्रॅम, मग लक्षणं हटेपर्यंत दर २ तासांनी २ मिलिग्रॅम, आणि नंतर दर ६ तासांनी ८ मिलिग्रॅम, अशी नेहमीची रीत. ते फक्त गोळी किंवा पातळ औषधाच्या रूपात मिळतं, त्यामुळे रुग्ण गिळू शकत नसेल तर गोळी कुटून नाकातल्या नळीतून द्यावी लागते. त्याच्या बाजूचा पुरावा मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींचा आहे. द्यावं जरूर, पण ते शोधण्यात डायझेपाम लांबू नये. कुणी घरी भूक वाढवायला आणलेलं सायप्रोहेप्टाडिन पाजून रुग्णालय टाळायचा विचार करत असेल तर तो सोडून द्यावा.

काही औषधं इथे मुद्दाम टाळायची. ब्रोमोक्रिप्टिन आणि डँट्रोलिन ही न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोममधल्या ताठरतेची औषधं. पहिलं सेरोटोनिनची विषबाधा वाढवू शकतं, दुसऱ्याचा उपयोग होत नाही. प्रोप्रॅनोलॉलचा परिणाम लांबतो, रक्तदाब अचानक कोसळू शकतो, आणि उतार पडतोय का हे सांगणारी नाडीच मुकी होते. रक्तदाब उतरवायचाच असेल तर काही मिनिटांत ओसरणारं एस्मोलॉल बरं. मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणारं औषध घेतलेल्याचा रक्तदाब पडला तर डोपामिनऐवजी नॉरॲड्रिनॅलिन, तेही थोड्या मात्रेनं सुरू करून.

बहुतेक रुग्ण २४ तासांत सावरतात. फ्लुऑक्सेटिन असेल तर दिवस लागतात. त्याचा नॉरफ्लुऑक्सेटिन हा अंश शरीरात आठवडा-दोन आठवडे आणि कधी जास्तही रेंगाळतो. गोळ्या मुद्दाम घेतल्या असतील तर शरीर सावरल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी भेटल्याशिवाय रुग्णाला घरी सोडायचं नाही. ‘जीव द्यायचा विचार होता का, अजून आहे का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. ‘घरच्यांचा विचार नाही केलास?’ हे मात्र नको. पुढचे काही महिने गोळ्या आठवड्यापुरत्याच आणाव्यात आणि त्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठेवाव्यात. घरात पडून राहिलेली जुनी औषधं औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात परत द्यावीत.

नैराश्यावरचं औषध कायमचं बंद करायची गरज सहसा नसते. बंद करायचा असतो तो संयोग. पुन्हा सुरू करताना एकच औषध, कमी मात्रेत, लक्षणं पूर्ण ओसरल्यावर. एसएसआरआय आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणारं औषध यांच्यात अदलाबदल करायची असेल तर मधे २ आठवडे रिकामे सोडावे लागतात, आणि आधीचं औषध फ्लुऑक्सेटिन असेल तर ५ आठवडे. सुटीच्या कागदावर ‘औषधाची ॲलर्जी’ असं लिहिलेलं दिसलं तर ते दुरुस्त करून घ्या. तिथे दोन्ही औषधांची नावं, दोन्हींची तारीख आणि ‘एकत्र देऊ नये’ एवढं हवं. दाताच्या डॉक्टरकडे किंवा भूलतज्ज्ञाकडे जाताना तोच कागद दाखवायचा आहे.